सोमवारची परिषद

सभा भरविणे हाच माझा धंदा. कामगार संघटनेच्या कामात तीस वर्षे गेली; या तीस वर्षांत मी भाषणे केली असतील त्याच्या कितीतरी पट सतरंज्या अंथरल्या आहेत. मैदानात किती माणूस बसेल, पाळी सुटल्यावर लोक किती वेळ थांबतील, पाऊस आला तर आडोसा कोठे, वीज गेली तर कंदील कोणाच्या घरी मिळेल, असल्या हिशेबांत जन्म गेला. शाळा माझी सातवीतच सुटली. पुढे जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि रेल्वेच्या डब्यात. त्यामुळे विद्वान माणसाला इतिहासाच्या पुस्तकात जे चटकन दिसते ते मला दिसत नाही. मला आधी दिसते ते सभेचे मैदान. अमुक तारखेला अमुक ठिकाणी मोठी सभा झाली असे वाचले, की त्या दिवशी वार कोणता होता हे मी प्रथम काढून पाहतो.

तुम्ही म्हणाल, वाराशी काय करावयाचे आहे? सांगतो. रविवारच्या सभेला आलेला कामगार आपली विश्रांती खर्च करतो. सोमवारच्या सभेला आलेला आपला रोज बुडवतो. दोघांनीही सारख्याच टाळ्या वाजवल्या, तरी त्या टाळ्यांची किंमत सारखी नसते.

नागपूरला २० जुलै १९४२ रोजी अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. वीस ते पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. मी वार काढून पाहिला. सोमवार होता.

त्या सोमवाराकडे जाण्यापूर्वी रविवारचे थोडे देणे चुकते केले पाहिजे. गिरणी कामगाराला रविवारची सुटी कोणी दान दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी तिच्यासाठी कित्येक वर्षे खटपट चालविली होती. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर त्यांनी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरविली, आणि त्या सभेत दोन स्त्रिया उठून बोलल्या. दहा हजार माणसांपुढे ध्वनिक्षेपकावाचून बोलणे काय असते, ते ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. आणि येथे तर बोलणाऱ्या गिरणीतल्या बायका, ऐकणारे बहुतेक पुरुष, आणि साल १८९०! १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आमच्या व्याख्यानांतून लोखंड्यांचे नाव दरवर्षी निघते, आणि ते निघालेच पाहिजे. त्या दोन बायकांना मात्र आम्ही एका वाक्यात उरकतो. मीही पुष्कळ वर्षे तसाच उरकीत आलो.

त्यानंतरची मोठी खूण म्हणजे महाड. १९२७ च्या डिसेंबरात तेथे मनुस्मृती जाळण्यात आली, हे सर्वांना माहीत आहे. त्याच वेळी डॉ. आंबेडकर तेथे जमलेल्या स्त्रियांशी वेगळे बोलले, हे तितके माहीत नाही. लुगडे नेसण्याची तऱ्हा बदला, लांबूनच जात सांगणारे ते जड दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले, आणि बायकांनी ते लगोलग अमलात आणले. सवर्ण स्त्री पायापर्यंत लुगडे नेसते, तुम्हीही तसेच नेसा, एवढीच ती गोष्ट. पण जिला पिढ्यान् पिढ्या कोणी तसे नेसू दिले नाही, तिच्या दृष्टीने ती एवढीशी नव्हती. पुढे ठिकठिकाणी स्त्रियांच्या लहानमोठ्या सभा होत गेल्या. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात त्या उतरल्या. तरीसुद्धा एक भेद मनात ठेवावा असे मला वाटते. महाडला स्त्रिया ऐकणाऱ्या होत्या. पंधरा वर्षांनी नागपूरला त्या ठराव मांडणाऱ्या झाल्या.

आता नागपूरच का, हे पाहू. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू केली, आणि त्या गिरणीभोवती दलित वस्त्यांतून गिरणी कामगारांच्या पिढ्या तयार झाल्या. कौसल्या बैसंत्री यांनी ‘दोहरा अभिशाप’ या हिंदी आत्मचरित्रात आपल्या नागपूरच्या घराचे वर्णन केले आहे; त्यांचे आई आणि वडील दोघेही एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. जवळच कामठी. तेथे विडीचा धंदा. तेंदूचे पान भिजवायचे, पत्र्याच्या मापाने कातरायचे, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा, आणि दिवसअखेर मोजून द्यायच्या. मोजताना तपासणारा ज्या विड्या बाजूला काढील ती ‘छाट’. तिचे पैसे नाहीत. या विडी मजुरांची संघटना बाबू हरदास एल. एन. यांनी बांधली. हा उमदा माणूस १९३९ साली पस्तिशीतच गेला. तेव्हा नागपूर-कामठी भागातल्या दलित बाईला संघटना हा शब्द नवा नव्हता, मोर्चा नवा नव्हता. नागपूरच्याच राधाबाई कांबळे तर स्वतः मजुरी करून कामगारांच्या पुढारी झालेल्या; १९२९ साली व्हिटली साहेबांचे रॉयल कमिशन आले तेव्हा त्यांनी त्यापुढे साक्ष दिली होती.

आणखी एक बाई होत्या, जाईबाई चौधरी. त्यांची हकीकत थोडी सविस्तर सांगतो, कारण माझ्या समजुतीप्रमाणे १९४२ ची परिषद खरी तेथून सुरू होते. जाईबाई आधी हमालीचे काम करीत. नागपूर-कामठीच्या वाटेवर डोक्यावरून ओझी वाहत. एका मिशनरी जोगिणीने त्यांची हुशारी पाहून त्यांना शाळेत शिक्षिकेचे काम दिले. पण अस्पृश्य बाई मुलांना शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी त्या शाळेवर बहिष्कार घातला, आणि जाईबाईंचे काम गेले. त्यांनी पुन्हा डोक्यावर ओझे घेतले असते तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. त्यांनी १९२२ साली संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. कौसल्याबाईंच्या आईसारख्या गिरणीत राबणाऱ्या बायकांकडे जाऊन, मुलींना शाळेत घाला म्हणून त्या आग्रह धरीत.

डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपूरला भरले. ही परिषद १९२७ साली पुण्यात जन्माला आली ती मुलींच्या शिक्षणाच्या प्रश्नावरून. मोठमोठ्या घरच्या, शिकलेल्या, पुष्कळशा खरोखरच सद्हेतूच्या अशा बायका तीत होत्या, आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी त्या परिषदेने केलेले काम कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. त्या अधिवेशनाला जाईबाई गेल्या. मुलींच्या शिक्षणाची चर्चा ज्या मंडपात चालावयाची, तेथे पंधरा वर्षे मुलींची शाळा चालविलेली बाई गेली होती. जेवणाच्या वेळी त्यांना वेगळे बसविण्यात आले.

याचा निषेध करण्यासाठी १ जानेवारी १९३८ रोजी नागपुरात दलित स्त्रियांनी आपली सभा भरविली. संघटनेच्या कामात पडलेल्या माणसाला या तारखेचे मोठे कौतुक वाटते. अपमान झाला आणि काही दिवसांतच सभा भरली! याचा अर्थ निरोप पोचविणाऱ्या बायका तयार होत्या, घरे माहीत होती, कोणी कोणास बोलवावयाचे हे ठरलेले होते. अपमानाचे दुःख सगळ्यांनाच होते. पण ते ताजे असताना त्याची सभा करता येणे हे ज्यांची बांधणी आधी झालेली असते त्यांनाच जमते. त्या दिवशी त्यांना आणखीही एक गोष्ट उमगली असली पाहिजे, असे मी म्हणतो. स्त्रियांच्या परिषदेत गेल्याने आपण त्या परिषदेतल्या होतोच असे नाही. आपल्या पंगतीला आपणच यजमान झाले पाहिजे.

साडेचार वर्षांनी ती पंगत बसली.

जुलै १९४२. युद्ध चालू होते, धान्य महागलेले. नागपूरला मोहन पार्कमध्ये १८ आणि १९ जुलै रोजी अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली; मद्रासचे रावबहादूर एन. शिवराज तिचे अध्यक्ष. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म याच परिषदेतला. १८ तारखेला शनिवार होता, १९ ला रविवार. महिला परिषद २० तारखेला. म्हणजे मुख्य परिषदेला शनिवार-रविवार मिळाला आणि स्त्रियांच्या वाट्याला सोमवार आला. कार्यक्रम आखणाऱ्यांना मी दोष देत नाही. मी आखला असता तरी असाच आखला असता, आणि बायकांच्या सभेला सोमवारी कोण येणार म्हणून मंडपाची निम्मी कनात आदल्या रात्रीच सोडविली असती.

जरा विचार करा. जुलै म्हणजे विदर्भात निंदणाचे दिवस, धानाच्या मुलखात रोवणीचे. वर्षात बाईच्या हाताला मजुरी मिळण्याचे जे थोडे दिवस, त्यांतले हे. पावसाळ्याची चिखलराड. गिरणीत सोमवारी खाडा झाला तर रोज गेला. विड्या वळणारीने हजार विड्या वळल्या नाहीत तर तिला कोणी उसने देणार नाही. घरी तान्ही मुले, नवऱ्याचा स्वयंपाक. दोन दिवस घरातल्या पुरुषाने परिषद पाहिलेली. आता तुझे तेथे काय काम, असे विचारणारे घर दर चार घरांत एक तरी असणारच. आणि एवढे सगळे असून सोमवारी वीस-पंचवीस हजार बायका आल्या. मी आयुष्यात पुष्कळ गर्दी मोजली आहे. या आकड्यापुढे मी हात जोडतो.

अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. स्वागताध्यक्ष कीर्तिबाई पाटील. सभेपुढे ठराव आले. ठराव म्हटला की सुशिक्षित श्रोत्याला जांभई येते, हे मी पाहिले आहे. पण ठराव कसा होतो ते ध्यानात घ्या. एका बाईने उठून तो मांडावयाचा, दुसरीने त्याला दुजोरा द्यावयाचा, मग हात वर. जिने आजवर नवऱ्याचे नाव घेतले नाही आणि जिचे स्वतःचे नाव चारचौघांत कोणी घेतले नाही, तिचे नाव मोठ्याने पुकारले जाते, आणि ती हजारो बायकांपुढे उभी राहून म्हणते, ही आमची मागणी आहे. यजमानापुढे हात पसरून नव्हे, सरकारला उद्देशून. व्याख्यान ऐकून माणूस घरी जातो तेव्हा दुसऱ्याचे शब्द घेऊन जातो. ठरावाला हात वर करून जातो तेव्हा स्वतःची सही करून जातो.

मागण्या काय होत्या? स्त्रीला काडीमोड घेण्याचा हक्क कायद्याने मिळावा. एक बायको असता दुसरी करण्यास कायद्याने बंदी व्हावी. मुलींच्या शिक्षणाची सोय आणि वसतिगृहे सरकारने करावीत. कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत दलित स्त्रियांना राखीव जागा असाव्यात. यांतली एकेक मागणी म्हणजे एकेका व्याख्यानाचा विषय आहे. मी कामगारांचा माणूस, तेव्हा कामाविषयीच्या मागण्यांपाशी थांबतो.

गिरण्या, विडीचे कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे या ठिकाणी काम करणाऱ्या स्त्रियांची स्थिती शोचनीय आहे, असे सांगून परिषदेने मागितले: वर्षाला एकवीस दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, कामावर इजा झाल्यास योग्य नुकसानभरपाई, आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा पंधरा रुपये पेन्शन. दिवसांचा आकडा, वर्षांचा आकडा, रुपयांचा आकडा. ‘आमची स्थिती सुधारावी’ असे गुळमुळीत वाक्य लिहून ठराव संपविलेला नाही. ज्याला मागण्यांचा मसुदा लिहावा लागतो तो हे पाहून ओळखतो, की हे कागदावर येण्यापूर्वी बोटांवर पुष्कळदा मोजले गेले आहे.

आणि मग तो दुसरा ठराव. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांवर देखरेख करण्यास पुरुष न नेमता स्त्रिया नेमाव्यात.

हे वाचून मी थांबलो होतो, आणि अजूनही त्या ठरावापाशी थांबतो. तो कशासाठी आहे हे गिरणीच्या कोणत्याही खात्यात काम केलेल्या बाईला समजावून सांगावे लागत नाही. कामावर घेणारा जॉबर, काम काढून घेणारा जॉबर, खाडा मांडणारा जॉबर. त्याची मर्जी राखणे या शब्दांत काय काय येते, ते बायका एकमेकींना रिळाच्या खात्यात दबक्या आवाजात सांगत. घरी सांगता येत नसे, कारण घरी सांगितले तर काम सोड म्हणतील. संघटनेत सांगता येत नसे, कारण संघटनेतही बऱ्याच ठिकाणी जॉबरच पुढारी. ते दबक्या आवाजातले बोलणे त्या सोमवारी उघड्या मंडपात, कागदावर, मागणीच्या भाषेत आले. कोणा एकीला स्वतःवर गुदरलेले सांगावे लागले नाही. हजारोंनी मिळून सांगितल्यामुळे ते कोणा एकीचे राहिले नाही. एकट्या बाईने तेच सांगितले असते तर गावाने तिच्याकडेच बोट दाखविले असते.

एक शंका रास्त आहे, ती टाळून पुढे जात नाही. मुंबईच्या काही गिरण्यांत बायकांच्या खात्यांवर नायकिणी असत, आणि नायकीणही जॉबरासारखीच दस्तुरी खाई. बाई नेमली म्हणजे जुलूम मिटतो असे मुळीच नाही. रॉयल कमिशनला हे दिसले होते, म्हणून त्याने १९३१ च्या अहवालात स्त्री-कामगारांच्या देखरेखीसाठी शिकलेली स्त्री नेमण्याची शिफारस केली होती. शिफारस अहवालात राहिली. अकरा वर्षांनी तीच गोष्ट बायकांनी स्वतः मागितली. दस्तुरी खाणारी नायकीण परवडली, असेही त्यांच्यापैकी कित्येकींना वाटत असेल. कारण तिला फक्त पैसे द्यावे लागत.

आणि आम्ही संघटनावाले त्या वेळी काय मागत होतो? १९४० साली मुंबईच्या गिरण्यांत चाळीस दिवसांचा संप झाला, तो महागाई भत्त्यासाठी. मागणी योग्यच होती. महागाई बाईलाही होती. पण मागण्यांच्या यादीत बाईवरच्या देखरेखीचा हा प्रश्न वरच्या जागी ठेवणारी संघटना मला त्या काळात दिसत नाही. तो मांडण्यासाठी बायकांना आपली परिषद भरवावी लागली.

डॉ. आंबेडकर या परिषदेत बोलले. व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांची नेमणूक त्याच महिन्याच्या आरंभी जाहीर झालेली, आणि त्यांच्याकडे यावयाचे खाते मजूर खाते. म्हणजे ठराव ज्या दारी जावयाचे त्या दाराचा होणारा धनी समोरच होता. त्यांचे भाषण प्रसिद्ध आहे. समाजाची प्रगती ते त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात, हा त्यातला विचार आता शाळेच्या भिंतीवरही दिसतो. मला त्यातला दुसरा भाग अधिक धीट वाटतो. मुलींच्या लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी न होता त्याची बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे, असे त्यांनी सांगितले. हे बायकांच्या मंडपात सांगितले. कनातीबाहेर नवरे उभे असणार. आदल्या दोन दिवसांच्या परिषदेतून आलेले ते नवरे. त्यांच्यातले काही मान खाली घालून घरी गेले असतील, काही रागाने. त्या रात्री नागपूरच्या वस्त्यांतून काय बोलणी झाली असतील ती ऐकण्यासाठी मी माझी सगळी पुस्तके देऊन टाकीन.

पुढे त्या मागण्यांचे काय झाले, याचा ताळा मी एकदा माझ्या वहीत मांडला. पगारी रजेची तरतूद कारखान्यांच्या कायद्यात १९४५ साली आली, आंबेडकर मजूरमंत्री असताना. १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये ती पक्की झाली. दुसऱ्या बायकोला बंदी आणि काडीमोडाचा हक्क, हे हिंदू कोड बिलात होते. ते बिल रखडले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले. शेवटी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दोन्ही दिले. दुसऱ्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, याच नागपुरात त्या बायकांनी लाखोंच्या बरोबर बौद्ध धम्म घेतला. तो कायदा बौद्धांनाही लागू असल्याने मिळालेला हक्क मागे राहिला नाही. स्थानिक संस्थांतल्या राखीव जागा ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने १९९३ साली आल्या. लोकसभा-विधानसभांतल्या जागांसाठी १०६वी घटनादुरुस्ती झाली ती २०२३ साली, म्हणजे त्या ठरावाला एक्याऐंशी वर्षे झाल्यावर. पंधरा रुपये पेन्शन मागितले होते. प्रॉव्हिडंट फंडाच्या सभासदांना पेन्शनची योजना १९९५ साली लागू झाली, आणि २०१४ साली किमान पेन्शन महिना एक हजार ठरले.

या सगळ्या गोष्टी त्या ठरावांमुळेच घडल्या असे मी म्हणणार नाही. असे म्हणणारा पुढारी मला नेहमी संशयास्पद वाटतो. कित्येक हातांनी ढकलले तेव्हा एकेक दगड हलला. पण यादी हातात घेऊन पाहावे, तर सोमवारी त्या मंडपात जे मागितले गेले त्यातले अवास्तव म्हणून खोडावे असे काही सापडत नाही. देखरेखीच्या ठरावापुढे माझ्या वहीत बरीच वर्षे जागा कोरीच होती. कामाच्या जागी स्त्रीची लैंगिक छळणूक हा मूलभूत हक्कांचा भंग मानून सुप्रीम कोर्टाने १९९७ साली विशाखा खटल्यात नियम घालून दिले, आणि २०१३ साली कायदा झाला. त्या कायद्यात तक्रार समितीची अध्यक्ष स्त्रीच असली पाहिजे असे आहे. १९४२ वजा करून पाहा: एकाहत्तर वर्षे.

असे असून ही परिषद इतकी वर्षे आपल्या कानांवर आली नाही. त्याला कारणे आहेत. तिच्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ८ ऑगस्टला, गोवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि पुस्तकांतले ते साल त्याने व्यापून टाकले. हे समजण्यासारखे आहे. कामगार चळवळीच्या इतिहासात तिला जागा नाही, हे समजण्यासारखे नाही. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक निघाले. त्या चळवळीतल्या म्हाताऱ्या झालेल्या बायकांची घरे शोधून, त्यांच्यापाशी बसून, या दोघींनी ती माहिती गोळा केली. ते पुस्तक मला उशिरा, वाचनालयातल्या भलत्याच कपाटात मिळाले. ते मिळाले नसते तर हे व्याख्यान झाले नसते. आणि आता सांगतो ती गोष्टही झाली नसती.

मी ज्या संघटनेत काम केले तीत विडी वळणाऱ्या बायका पुष्कळ. सभासदांत दहांत नऊ बायका, आणि कार्यकारिणीत आम्ही सगळे पुरुष. एका द्वारसभेत एक म्हातारी बाई उठून म्हणाली, “भाऊ, छाट काढायला बाई ठेवा म्हणावं मालकाला.” आम्ही हसलो नाही, पण लिहूनही घेतले नाही. छाटेचे प्रमाण कमी करा ही आमची मागणी होतीच; ती काढणारा बाप्या की बाई, हा काय मागणीचा विषय झाला! मी तिला म्हणालो, “मावशी, ते पुढच्या वेळी बघू.” पुढची वेळ आली नाही, म्हणजे मी आणली नाही. विड्या मोजताना तपासनिसाच्या टेबलाशी तिच्या सुनेला किती वेळ का उभे ठेवीत, ते मला फार मागाहून कळले. त्या वेळी विचारले असते तर तेव्हाच कळले असते.

नागपूरच्या ठरावाविषयी वाचले त्या वर्षी मी कार्यकारिणीत हट्ट धरला, की बायकांची सभा वेगळी घ्यावयाची, आणि व्यासपीठावर आपण कोणी बसावयाचे नाही. वाद झाला. बायका काय ठरवतील याचा नेम काय, असे एक सहकारी म्हणाले. ते प्रामाणिक होते. शेवटी सभा ठरली. रविवार सोयीचा नव्हता. रविवारी बायकांना धुणी, दळण, आठवड्याचा बाजार. त्यांनीच सोमवार सांगितला.

शाळेचा एक हॉल मिळाला होता. सतरंज्या आम्हीच घातल्या, पाण्याचे पिंप भरले, आणि बाहेर पायरीवर चपलांच्या ढिगाशेजारी चौघे बसून राहिलो. दार लोटलेले होते. आतून बराच वेळ काहीच ऐकू येईना, तेव्हा मला वाटले की सभा पडली. मग एकदम सगळ्या एका वेळी बोलू लागल्या, मग कोणीतरी टेबलावर हात आपटला, मग एकटीचाच आवाज येत राहिला. दोन तास झाले. माझ्या सहकाऱ्याने दोनदा घड्याळ पाहिले.

दार उघडले, आणि ती म्हातारी बाई शाळेच्या वहीचा एक कागद घेऊन बाहेर आली. तिला लिहिता येत नव्हते. लिहिणारी तिची नात होती. कागदावर सात मागण्या होत्या. मजुरीची चौथी होती. पहिली काय होती ते मला वाचण्याची गरज पडली नाही. तिने कागद माझ्या हातात दिला नाही; आपणच धरून ठेवला, आणि विचारले, “मालकाकडं कधी जायचं? आम्ही पाचजणी ठरवल्यात. तुम्ही बरोबर या.”